संतपदाची साक्ष

दिल्लीत मंडी हाऊसच्या चौकातून इंडिया गेटकडे जाणाऱ्या रस्त्याला कोपर्निकस मार्ग असे नाव आहे. दूरदर्शनचे मुख्यालय याच मार्गावर आहे आणि जुने महाराष्ट्र सदनही येथेच. त्यामुळे राजधानीत कामानिमित्त येणाऱ्या मराठी माणसाच्या तोंडी हे परदेशी नाव चांगले रुळले आहे. ज्याचे हे नाव, तो निकोलस कोपर्निकस जगाला खगोलवेत्ता म्हणून ठाऊक आहे. परंतु त्याच्या आयुष्याचा मोठा भाग पोलंडमधील फ्रॉमबोर्क येथील कथीड्रलच्या सेवेत गेला. 1543 साली तो वारला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथावर रोमने 1616 साली दुरुस्ती होईपर्यंत बंदी घातली. त्याची कबर नेमकी कोणती, हेही पुढे कोणास सांगता येईना. अखेर 2005 साली कथीड्रलच्या फरशीखाली काही हाडे सापडली. त्याच्या वापरातील एका पुस्तकात केस मिळाले होते. त्यांच्याशी ताडून पाहता ती हाडे त्याचीच, असे 2008 साली जाहीर झाले, आणि 2010 साली त्यांचे सन्मानाने पुन्हा दफन करण्यात आले.

केसावरून हाडे ओळखल्याची ही हकीकत ऐकताच वारकऱ्याला दुसरी एक कथा आठवल्यावाचून राहणार नाही. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळली आणि तिच्याखाली चोखोबा व त्यांच्याबरोबरचे मजूर गाडले गेले. ही घटना 1338 सालची मानतात. नामदेव त्यांच्या अस्थी आणावयास गेले. ढिगाऱ्यात हाडे पुष्कळांची. त्यांतली चोखोबांची कोणती? परंपरा सांगते की, नामदेवांनी एकेक हाड कानाशी धरले, आणि ज्यातून विठ्ठलनामाचा ध्वनी उमटला ते चोखोबांचे म्हणून उचलून घेतले.

प्रयोगशाळेचा पुरावा आणि नामाचा पुरावा यांची तुलना करण्याचे कारण नाही. परंतु दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच आहे : साक्ष कोणाची मानावयाची? निरनिराळ्या धर्मांनी संत कोणाला म्हटले, याचा विचार करताना आपण बहुधा गुणांच्या याद्या पुढे मांडतो. दया, निःस्पृहता, निर्भयता, ईश्वरनिष्ठा हे गुण सर्वांनाच मान्य असतात आणि त्या याद्या वाचून फारसे काही हाती लागत नाही. खरा भेद आहे तो हे गुण अमुक माणसात होते असे सांगण्याचा अधिकार कोणाला, या बाबतीत.

भाषेनेही येथे थोडा घोटाळा करून ठेवला आहे. मराठीतील 'संत' आणि युरोपीय भाषांतील 'सेंट' हे शब्द कानाला सख्खे भाऊ वाटतात. वस्तुतः त्यांचे कूळ वेगळे. आपला शब्द 'सत्' पासून आला. जो खरेपणाने आहे तो संत. लॅटिनमधील शब्दाचा अर्थ विधिपूर्वक पवित्र ठरवलेला, वेगळा काढून ठेवलेला. एका शब्दात माणसाची स्थिती सांगितली आहे, तर दुसऱ्यात त्याच्यासंबंधी झालेला निर्णय सूचित होतो. अरबीतील 'वली' याहून निराळा : तो ईश्वराच्या जवळचा, त्याचा स्नेही.

निर्णयाची ही कल्पना रोमन कॅथलिक धर्मसंस्थेने जितकी पूर्णत्वास नेली तितकी दुसऱ्या कोणी नेली नसेल. प्रारंभीच्या शतकांत तेथेही लोकच संत ठरवीत. हुतात्म्याच्या थडग्याभोवती गर्दी जमे आणि स्थानिक बिशप तिला मान्यता देई. 993 साली जर्मनीतील आउग्सबुर्गचे बिशप उलरिख यांना पोपने स्वतः संत घोषित केले, आणि पुढे हा अधिकार हळूहळू रोमकडे गेला. 1588 साली या कामासाठी स्वतंत्र खाते निघाले. उमेदवाराच्या विरुद्ध बाजू मांडण्यासाठी एक अधिकारी असे. लोकांनी त्याचे नाव सैतानाचा वकील असे पाडले होते. साक्षी, दप्तरे, चमत्कारांची छाननी, वैद्यांचे अभिप्राय असा तो सारा खटला चाले. 1983 साली ही पद्धत बरीच सुटसुटीत झाली आणि त्या वकिलाचे जुने काम संपले. पुण्याईची मिसल तयार करणे कोणाला हास्यास्पद वाटेल; पण ज्या संस्थेला भोळेपणाची आणि भोंदूगिरीची भीती वाटली तिने विरोधी वकील नेमावा, यात शहाणपण नाही असे कोण म्हणेल?

या खटल्यांपैकी एक थेट आपल्या वसईचा आहे. गोन्सालो गार्सिया हे वसईस जन्मले. वडील पोर्तुगीज, आई येथली. जेझुइटांच्या हाताखाली शिकून ते कोवळ्या वयातच जपानला गेले. तेथली भाषा त्यांना उत्तम अवगत झाली, परंतु जेझुइट संघात प्रवेश काही मिळाला नाही. तेव्हा त्यांनी व्यापार केला, मनिला गाठले आणि तेथे फ्रान्सिस्कन संघात ते साधे बंधू म्हणून दाखल झाले. 1593 साली दुभाषी म्हणून ते पुन्हा जपानला गेले. तोयोतोमी हिदेयोशी याच्या आज्ञेने 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकी येथे ज्या 26 जणांना क्रूसावर चढवले त्यांत ते होते. 1627 साली त्यांना धन्य म्हणून मान्यता मिळाली. संतपद मिळाले ते 1862 साली. मधल्या काळात 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीजांचा अंमल गेला, पुढे पेशवाईही गेली. एवढे होईपर्यंत रोमची मिसल बंद झाली नव्हती.

गोव्यातील फ्रान्सिस झेवियर यांचा निर्णय त्या मानाने लवकर लागला. चीनच्या किनाऱ्याजवळ 1552 साली ते वारले, 1554 साली त्यांचा देह गोव्यास आला आणि 1622 साली ते संत घोषित झाले. 'गोंयचो सायब' म्हणून त्यांच्यापुढे मेणबत्ती लावणाऱ्यांत हिंदूही असतात. याच झेवियरांनी 1546 साली पोर्तुगालच्या राजाला लिहिलेल्या पत्रात गोव्यात इन्क्विझिशन हवे असे म्हटले होते, आणि त्यांच्या पश्चात 1560 साली ते तेथे आले. संतपदाचा निर्णय लागला म्हणजे इतिहासाचाही लागला, असे होत नाही.

आता महाराष्ट्राकडे पाहावे. वारकरी संप्रदायात असे खाते नाही, घोषणेचा दिवस नाही, विरोधी वकील तर नाहीच. ज्ञानेश्वर वा तुकाराम यांना संतपद कोणत्या साली मिळाले, हा प्रश्नच येथे अर्थहीन ठरतो. लोकांनी अभंग म्हटले, त्यांच्या नावाने दिंड्या चालल्या, पालख्या निघाल्या, एवढ्यात सारा निर्णय झाला. तरीही दप्तर ठेवणारा एक मनुष्य निघालाच. नगर जिल्ह्यातील ताहराबादचे महिपती हे गावचे कुलकर्णी. पूजा चालू असता जहागीरदाराचे बोलावणे आले. पूजा आटोपून ते कचेरीत गेले, काम उरकले आणि यापुढे ही लेखणी सरकारी चाकरीत झिजवावयाची नाही, अशी शपथ घेऊन परतले, असे सांगतात. ती लेखणी मग संतचरित्रांकडे वळली. 1762 साली 'भक्तविजय' आणि 1774 साली 'भक्तलीलामृत' पूर्ण झाले. कुलकर्ण्याची शिस्त त्यांच्यातून गेली नव्हती. आपण कोणाच्या आधारे लिहितो हे ते सांगतात, आणि उत्तरेतील नाभाजींचे ऋण मान्य करतात. परंतु त्यांच्या वहीत खोडणे जवळजवळ नाही. कबीर येतात, नरसी मेहता येतात, श्रीगोंद्याचे शेख महंमदही येतात. ज्याची कथा कीर्तनात उभी राहिली तो आत आला.

शेख महंमदांपाशी मात्र दोन धर्मांचे साक्षीदार समोरासमोर येतात. सूफी परंपरेत वलीची साक्ष मुख्यत्वे दोघे देतात : ज्याच्याकडून दीक्षा मिळाली ती गुरूंची साखळी, आणि मृत्यूनंतर ज्या जागी लोक जमतात ती मजार. मृत्युदिनाला तेथे उरूस म्हणतात. मूळ शब्दाचा अर्थ विवाह. दिल्लीतील निजामुद्दीन औलिया 1325 साली निवर्तले आणि त्यांची साखळी दख्खनेत आली ती त्यांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्याबरोबर. ते खुलदाबादेस चिरविश्रांती घेत आहेत. निजामुद्दीनांची संभाषणे ज्यांनी टिपून ठेवली त्या हसन सिज्झी या कवीची कबरही तेथेच. शेख महंमद या जगातले, आणि त्याच वेळी विठ्ठलाचे. 1645 साली त्यांनी 'योगसंग्राम' हा मराठी ग्रंथ पूर्ण केला. वारकऱ्यांनी त्यांना संत मानले, मुसलमानांनी पीर मानले, आणि तीन शतके या दोन साक्षींचे भांडण झाले नाही. अलीकडे त्यांच्या स्थानाला दर्गा म्हणावे की समाधिमंदिर, यावर वाद उभा राहिला. कागदाला एकच रकाना असतो. शेख महंमद एका रकान्यात मावणारे नव्हते.

जैनांची रीत आणखी वेगळी. त्यांच्या णमोकार मंत्रात एकाही व्यक्तीचे नाव नाही. वंदन आहे ते पायऱ्यांना : अरिहंत, सिद्ध, आचार्य, उपाध्याय आणि साधू. येथे साक्ष देतो तो स्वतःच्या देहाशी माणसाने केलेला व्यवहार. बेळगाव जिल्ह्यातील भोज गावचे आचार्य शांतिसागर यांनी 1955 साली कुंथलगिरीच्या डोंगरावर सल्लेखना घेतली आणि त्या वर्षीच्या 18 सप्टेंबरला देह ठेवला. त्यांच्या आचार्यपदाची कोणी मागाहून चौकशी केली नाही; अन्नपाणी सोडलेला तो देह दिवसेंदिवस हजारोंच्या डोळ्यांदेखत होता.

महाराष्ट्र सदनातून निघालेला प्रवासी बंगला साहिबच्या गुरुद्वारात गेला, तर तेथे थडगे नाही, मूर्ती नाही. मस्तक लवते ते ग्रंथापुढे. गुरू अर्जुनदेवांनी 1604 साली सिद्ध केलेल्या त्या आदिग्रंथात कबीर, रविदास आणि शेख फरीद यांच्याबरोबर नामदेवांची 61 पदे आहेत. म्हणजे शिखांनी नामदेवांना स्वीकारले ते शब्दाच्या साक्षीवर, आणि तो स्वीकार इतका पूर्ण आहे की, ग्रंथाला होणारा प्रत्येक नमस्कार त्या शब्दांनाही पोचतो. पंजाबातील घुमान येथे त्यांचे स्थान आहे. 2015 साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथे भरले, तेव्हा पुष्कळ मराठी माणसांना हे नाते प्रथमच दिसले.

या साऱ्या साक्षीदारांत वारकऱ्यांचा साक्षीदार सर्वांत उदार, असे म्हणण्याचा मोह मराठी माणसाला होतो. तो मोह पुरा करण्यापूर्वी चोखोबांकडे परत जावे लागते. नामदेवांनी आणलेल्या अस्थी पुरल्या गेल्या त्या मंदिराच्या महाद्वारासमोर, बाहेर. लोकांनी त्यांना संत म्हटले, त्यांचे अभंग म्हटले, त्यांच्या समाधीला हात जोडले; आणि त्यांच्या जातीच्या माणसाला सहाशे वर्षे ते महाद्वार ओलांडू दिले नाही. जेथे निर्णयाला खाते नव्हते तेथे निर्णयाची अंमलबजावणी करणारेही कोणी नव्हते. डॉ. आंबेडकरांनी 1936 साली महात्मा गांधींना उत्तर देताना नेमका हाच दोष दाखवला : संतांनी ईश्वरापुढे सर्व सारखे म्हटले, माणूस माणसापुढे सारखा असे म्हटले नाही. त्याच आंबेडकरांनी 1948 साली अस्पृश्यतेच्या मूळावरील आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. दोष पाहणारा आणि ऋण मानणारा मनुष्य एकच होता, हे दोन्ही पक्षांच्या लोकांना बहुधा सोयीचे वाटत नाही.

1947 सालच्या 1 मे रोजी साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण आरंभले. ते 10 मे रोजी सुटले, आणि त्याच वर्षी विठ्ठलाचे मंदिर सर्वांना खुले झाले. चोखोबांची समाधी मात्र आहे तेथेच, महाद्वारासमोर. आजही वारकरी आधी तिच्यापुढे वाकतो, मग नामदेवांच्या पायरीला हात लावतो आणि मग आत जातो.