तलाव तुडुंब, पाट बंद: कोलेस्टेरॉलच्या दाराची गोष्ट

मी भंडाऱ्याहून बोलतोय. आजची गोष्ट सुरू होते १४ फेब्रुवारी १९८४ ला, अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात. स्टॉर्मी जोन्स नावाच्या सहा वर्षांच्या मुलीला त्या दिवशी डॉक्टरांनी नवं हृदय बसवलं आणि त्याच ऑपरेशनमध्ये नवं लिव्हरसुद्धा. हृदय का बदललं, ते समजतं. एवढ्याशा वयात तिला हार्ट अटॅक येऊन गेले होते. पण लिव्हर कशाला?

उत्तरासाठी थोडं मागे जाऊ. १९३८ च्या सुमारास नॉर्वेतल्या कार्ल म्युलर या डॉक्टरांनी एक गोष्ट नोंदवली. काही घराण्यांमध्ये त्वचेवर, स्नायूंच्या दोऱ्यांवर पिवळसर गाठी येतात, रक्तात कोलेस्टेरॉल खूप असतं आणि माणसं तरुणपणीच हृदयविकाराने जातात. म्हणजे आजार रक्ताच्या नात्यातून येतो. पण शरीरात नेमकं बिघडतं काय, हे पुढची पस्तीस वर्षं कुणालाच कळलं नाही.

मग आले मायकल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन. १९६६ मध्ये बोस्टनच्या हॉस्पिटलात दोघे शिकाऊ डॉक्टर होते, तिथेच दोस्ती झाली. पुढे हा आजार असलेली लहान मुलं त्यांनी पाहिली आणि प्रश्न डोक्यात बसला. सहा-आठ वर्षांच्या लेकरांनी असं काय खाल्लं असेल?

१९७३-७४ मध्ये डॅलसला त्यांनी साधा पण भारी प्रयोग केला. निरोगी माणसांच्या आणि या मुलांच्या त्वचेच्या पेशी काचेच्या बशीत वाढवल्या. रक्तातलं कोलेस्टेरॉल ज्या कणांत बसून फिरतं, ते एलडीएल त्यावर घातलं. निरोगी पेशींनी ते धरलं, आत घेतलं आणि स्वतःचं कोलेस्टेरॉल बनवणं थांबवलं. आजारी मुलांच्या पेशींनी ते धरलंच नाही आणि त्या आपलं कोलेस्टेरॉल बनवतच राहिल्या!

हे आपल्याकडच्या भाषेत सांगतो. भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा. समजा, मालगुजारी तलावाचं पाणी पाटाने धानाच्या बांधीत येतं. बांधीत पाणी आलं की शेतकरी आपल्या विहिरीची मोटर बंद करतो. आता पाटाचं तोंडच बुजलं तर? तलाव तुडुंब, बांधी कोरडी. शेतकऱ्याला वाटतं पाणी नाही, म्हणून मोटर चालूच. रक्त म्हणजे तलाव, पेशी म्हणजे बांधी आणि पाटाचं तोंड म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरचा एलडीएल रिसेप्टर. हे तोंड पाणी आत घेतं आणि त्यामुळेच मोटर बंद करायचा निरोपही पोचतो.

असे रिसेप्टर सगळ्यात जास्त असतात लिव्हरमध्ये. स्टॉर्मीला दोन्ही पालकांकडून बिघडलेलं जनुक आलं होतं. नवं लिव्हर म्हणजे नवे रिसेप्टर. ऑपरेशननंतर तिचं एलडीएल ९८८ वरून १८४ वर आलं. ब्राउन आणि गोल्डस्टीन यांचं म्हणणं एका लेकराच्या रक्तात दिसलं. १९८५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. स्टॉर्मी १९९० मध्ये गेली.

या शोधाचा फायदा मात्र तुमच्या-माझ्या घरात पोचलाय. जपानच्या अकिरा एंडो यांनी बुरशीतून शोधलेल्या औषधापासून स्टॅटिन गोळ्यांची सुरुवात झाली. ही गोळी पेशीची मोटर बंद करते. मग पेशीला कोलेस्टेरॉल कमी पडतं आणि ती पृष्ठभागावर जास्त रिसेप्टर काढते. तलाव उतरतो. पुढे कळलं की याच घराण्यातले दुसरे रिसेप्टर मेंदू घडताना पेशींना कुठे जायचं याचे निरोप देतात. पण तो वेगळ्या भागाचा विषय आहे.

आणि हे सगळं परदेशातलं समजू नका. २००० मध्ये मुंबईच्या हिंदुजा हॉस्पिटलच्या संशोधकांनी भारतीय रुग्णांमध्ये या रिसेप्टरच्या जनुकातले बिघाड शोधून प्रसिद्ध केले. एकाच पालकाकडून बिघाड आला तर आजार सौम्य असतो, पण जगभरात साधारण अडीचशे-तीनशे माणसांमागे एकाला तो असतो.

हा विषय मी का घेतला, तेही सांगतो. माझा मामा पवनीकडचा. अंगाने काटक, शेतात राबणारा, कसलंच व्यसन नाही. चाळिशीच्या आत गेला. लोक म्हणाले, "तेलकट खात असंल." त्याला हाच आजार होता का, आता सांगता येणार नाही, कारण कुणी तपासलंच नव्हतं. त्याच्या पोरांचंही नाही.

आपल्या भागात सिकलसेल घराघरात माहीत आहे. लग्न जुळवताना लोक तपासणी विचारतात. कोलेस्टेरॉलच्या बाबतीत तसं होत नाही. तुमच्या घरात कुणी कमी वयात हार्ट अटॅकने गेलं असेल, तर आईवडील, भावंडं, पोरं, सगळ्यांची लिपिड प्रोफाइल एकदा करून घ्या. बारीक असाल तरी करा. रिपोर्ट डॉक्टरला दाखवा, मनाने गोळ्या घेऊ नका. मामाच्या पोरांना मी गेल्या महिन्यात घेऊन गेलो होतो. थोरल्याचं एलडीएल २१० निघालं. वय सव्वीस. उपचार सुरू झालेत.

भेटू पुढच्या भागात. तोवर हा भाग घरच्या ग्रुपवर टाका.