पूरक आरोग्यविम्याची वाटचाल

आहार, औषध, ज्ञान आणि अभय या चतुर्विध दानांमध्ये औषधदानाला स्वतंत्र स्थान आहे. समाजातील दानशूरांनी गावोगावी धर्मादाय दवाखाने उभारले, त्यामागे हीच प्रेरणा होती. तथापि शस्त्रक्रियांचे खर्च लाखांच्या घरात गेल्यावर केवळ दानाच्या बळावर ही गरज भागेनाशी झाली आणि विम्याचा विचार अपरिहार्य ठरला.

स्वतंत्र भारतात आरोग्यविम्याचा प्रारंभ नोकरदारांपासून झाला. कामगार राज्य विम्याचा कायदा १९४८ चा. प्रत्यक्ष योजना १९५२ साली कानपूर व दिल्ली येथे सुरू झाली. १९५४ मध्ये केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी स्वतंत्र योजना आली. पेढीवर बसणारा व्यापारी, किराणा दुकानदार आणि शेतकरी मात्र या दोन्ही छत्रांबाहेरच राहिले. १९७२ च्या कायद्याने सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले, १०७ विमा संस्थांचे चार कंपन्यांत एकत्रीकरण झाले आणि या कंपन्यांनी १९८६ मध्ये ‘मेडिक्लेम’ आणली. स्वतःचा हप्ता भरून कोणत्याही गृहस्थाला घेता येईल, असे संरक्षण तिने सर्वांपुढे ठेवले. तिचे स्वरूप रुग्णालयाच्या बिलाची भरपाई एवढेच होते. घरी परतल्यावर बुडणारे उत्पन्न आणि विमा रकमेच्या वर गेलेले बिल, हे दोन खड्डे तसेच राहिले.

यांपैकी पहिला खड्डा बुजवण्याची कल्पना एका शल्यविशारदाची आहे, ही गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे. डिसेंबर १९६७ मध्ये केपटाऊन येथे जगातील पहिले मानवी हृदयारोपण डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी केले. त्या पथकात त्यांचे बंधू डॉ. मारियस बर्नार्ड हेही होते. पुढे मारियस यांच्या लक्षात आले की, शस्त्रक्रियेने रुग्ण वाचतो, परंतु काम सुटल्यामुळे त्याचे घर कर्जात बुडते. वैद्य शरीर वाचवू शकतो, संसार नव्हे. त्यांच्याच आग्रहातून १९८३ साली दक्षिण आफ्रिकेत गंभीर आजाराची पहिली पॉलिसी निघाली. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, कर्करोग आणि हृदयाची बायपास शस्त्रक्रिया, एवढ्या चारच गोष्टी तिच्यात होत्या. अशा पॉलिसीत बिल किती झाले हे पाहिले जात नाही. आजाराचे निदान झाले की ठरलेली रक्कम एकरकमी हाती येते. ती औषधाला वापरावी की घरखर्चाला, हे कुटुंबाने ठरवायचे. मात्र आजाराची व्याख्या पॉलिसीत काटेकोर दिलेली असते. प्राथमिक अवस्थेतील कर्करोग अनेकदा तीत बसत नाही आणि निदानानंतर ठरावीक दिवस रुग्ण हयात असावा, अशीही अट बहुधा असते.

दुसऱ्या खड्ड्यावरचा उपाय भारतात खाजगी कंपन्या आल्यानंतर रुळला. १९९९ च्या कायद्याने विमा नियामक प्राधिकरणाला वैधानिक अधिष्ठान मिळाले, २००० पासून हे क्षेत्र खुले झाले आणि पुढे ‘टॉप-अप’ व ‘सुपर टॉप-अप’ पॉलिसी प्रचारात आल्या. नावे जवळची असली तरी फरक मोठा आहे. समजा, मूळ विमा ५ लाखांचा असून टॉप-अपचा उंबरठाही ५ लाखांचा आहे. एका वर्षात घरातील रुग्णाला दोनदा दाखल करावे लागले; एकदा ४ लाख, नंतर ३ लाख खर्च झाला. साध्या टॉप-अपमध्ये प्रत्येक बिल स्वतंत्रपणे मोजले जाते. एकही बिल ५ लाखांवर गेले नाही, म्हणून त्यातून काहीच मिळत नाही. सुपर टॉप-अप वर्षाचा एकूण खर्च धरते. ७ लाखांपैकी ५ लाख मूळ विम्यातून आणि उरलेले २ लाख तिच्यातून मिळतात. हप्ता थोडा कमी म्हणून साधी टॉप-अप घेणे हा काटकसरीचा नव्हे, तर महागाचा व्यवहार ठरू शकतो. रुग्णालयातील प्रत्येक दिवसासाठी ठरावीक रक्कम देणाऱ्या पॉलिसीही आहेत. त्यांचा उपयोग नातलगांचा प्रवास, जेवणखाण अशा किरकोळ खर्चापुरताच.

नोकरीतील सामूहिक विमा निवृत्तीबरोबर सहसा संपतो, आणि त्या वयात मधुमेह वा रक्तदाब जडलेला असतो. म्हणूनच प्रतीक्षाकाळाचे महत्त्व. ऑक्टोबर २०११ पासून पॉलिसी एका कंपनीतून दुसरीकडे नेताना पूर्ण झालेला प्रतीक्षाकाळ गमवावा लागत नाही. २०२४ च्या नियमांनी आधीपासूनच्या आजारांसाठीची ही मुदत जास्तीत जास्त ३६ महिने ठेवली. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिल्यावर माहिती दडवल्याच्या कारणाने दावा नाकारता येत नाही. सिद्ध झालेली फसवणूक तेवढी अपवाद. तरीही अर्ज भरताना जुना आजार लपवणे, ही समाजातही आढळणारी सवय घातकच आहे. दावा बहुधा त्या ६० महिन्यांच्या आतच येऊन ठेपतो.

महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वार्षिक ५ लाखांपर्यंत संरक्षण मिळते. खाजगी विमा असला तरी त्याची आडकाठी नाही. या दोहोंच्या मध्ये उरतो तो पन्नाशीतील मध्यमवर्गीय दुकानदार: राखीव खाटेसाठी पुरेसा गरीब नाही, सत्तरी अजून दूर आहे आणि पेढीचे भांडवल हीच त्याची सारी गंगाजळी. पूरक विम्याची गरज सर्वाधिक त्याला आहे. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरील वस्तू व सेवा कर उठल्याने त्याच्या हप्त्यावरील १८ टक्क्यांचा करभारही उतरला आहे.