रेप्लिकेशनमधील चूक वगळणे

मुख्य सर्व्हरवरील प्रत्येक बदल दुय्यम सर्व्हरवर त्याच क्रमाने उतरवणे म्हणजे रेप्लिकेशन. मायएसक्यूएलमध्ये दुय्यम सर्व्हर मुख्याच्या बायनरी लॉगमधील नोंदी रिले लॉगमध्ये घेऊन राबवतो. एक नोंद अडली, की मागच्या साऱ्या खोळंबतात. क्रमांक १०६२ (तीच की आधीपासून आहे) आणि १०३२ (ओळ सापडत नाही) या नेहमीच्या चुका. दुय्यम सर्व्हरवर कोणीतरी थेट लिहिलेले असते, हे त्यांचे वारंवार दिसणारे कारण.

अशा वेळी प्रक्रिया थांबवून स्किप काउंटर (किती नोंदी वगळायच्या तो आकडा) १ करतात आणि ती पुन्हा सुरू करतात. मात्र इनोडीबी टेबलांत एकटे विधान नव्हे, अख्खा व्यवहार (ट्रान्झॅक्शन) गळतो. जीटीआयडी (प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र ओळखक्रमांक देणारी पद्धत) चालू असल्यास काउंटर उपयोगी पडत नाही. अडलेल्या व्यवहाराच्याच ओळखक्रमांकाचा रिकामा व्यवहार नोंदवावा लागतो. सगळ्याच चुका आपोआप वगळण्याची सेटिंग तर घातकच.

प्रती जुळवताना काय करावे, याचा एक जुना दाखला आहे. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरशी निगडित ‘लीळाचरित्र’ या ग्रंथाची मूळ पोथी हरवल्यावर महानुभाव पंथीयांनी तो स्मरणातून पुन्हा सिद्ध केला; न जुळणारे पाठ त्यांनी गाळले नाहीत, टिपून ठेवले. डेटाबेसमध्ये वगळलेल्या व्यवहाराची अशी टीप टेबलात उरत नाही. म्हणून वगळण्याआधी त्यातील विधाने वाचून लिहून ठेवावीत, नंतर चेकसमने दोन्ही प्रती ताडाव्यात आणि तफावत मोठी असल्यास दुय्यम प्रत नव्याने उभारावी.