टपालाने आलेला गडगडाट

खिशातला फोन घरीच ठेवा. जिथे जायचंय तिथे त्याला रेंज नाही, आणि तुमच्या हातातली ती काचेची पाटी बघून लोक नसते प्रश्न विचारतील. बरोबर घ्या एक कोरी नव्वद मिनिटांची कॅसेट, एक पेन्सिल आणि भरपूर धीर. तिन्हींत धीर सगळ्यात आधी संपेल.

जून १९८३. झ्युरिक शहराबाहेरचं न्यूरेन्सडॉर्फ, आणि त्यातलीच एक वाडी, बिर्खविल. वर सगळं कसं आखीव-रेखीव आहे. कापलेलं गवत, धुतलेल्या खिडक्या, वेळेवर येणारी बस. तुम्ही मात्र पायऱ्या उतरून जमिनीखाली जाताय. अणुयुद्धाच्या धास्तीने स्वित्झर्लंडने १९६३ मध्ये कायदा केला आणि देशभर इमारतींखाली काँक्रीटचे निवारे उभे राहिले. बाँब काही पडला नाही. मग अशाच एका बंकरमध्ये तीन पोरांनी ड्रम, गिटार आणि अँप्लिफायर आणून टाकले.

जाडजूड दार मागे बंद होतं. ओलसर काँक्रीटचा वास नाकात शिरतो. समोर गिटार घेऊन उभा असलेला टॉम फिशर एकोणीस वर्षांचा आहे. स्वतःला तो टॉम वॉरियर म्हणवतो आणि बँडला हेलहॅमर. इंग्लंडच्या व्हेनम या बँडपेक्षा आपलं वाजवणं काळं आणि जड व्हावं, एवढी एकच त्याची इच्छा. सुरुवात होते आणि तुम्ही दोन पावलं मागे सरकता. आवाजाला बाहेर पडायला वाट नाही, तो चारी भिंतींवर आपटून तुमच्याच छातीत येतो. ठेका मधेच घसरतो, सावरतो. गाणं इतकं संथ होतं की आता थांबणार असं वाटावं, आणि तेवढ्यात टॉम पोटातून एक 'उह्!' काढतो. पुढे हा हुंकार जगभरातले गायक उचलणार आहेत, पण आज ते इथे कुणालाच ठाऊक नाही.

वाजवण्यात सफाई नाही, हे तुमच्या लगेच लक्षात येतं. संगीताच्या मासिकांच्याही येणार आहे. ती या बँडची यथेच्छ टर उडवतील. पण या महिन्यात इथे जे ध्वनिमुद्रित झालं त्यातूनच 'ट्रायम्फ ऑफ डेथ' ही डेमो टेप निघते. डेमो म्हणजे एरवी कंपनीच्या साहेबाला ऐकवायचा नमुना. इथे साहेब कोणीच नाही. म्हणून कॅसेट टपालपेटीत पडते. तिच्या मागोमाग निघा.

१९८४ ची शरद ऋतूतली एक संध्याकाळ. सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या पलीकडचं एक उपनगर. शाळकरी पोराची खोली, आणि टेबलावर शेजारी-शेजारी दोन कॅसेट डेक. आई खालून जेवायला हाक मारतेय, पोरगं ऐकत नाही. ते पाकीट फोडतंय. आत एक टीडीकेची कॅसेट, हाताने लिहिलेलं पत्र, दोन पानी यादी आणि बोटभर आकाराचे झेरॉक्स केलेले डझनभर कागदी चिटोरे. एकेका चिटोऱ्यावर एकेका बँडचं काट्याकुट्यांसारखं नाव आणि पत्ता. हे चिटोरे तो आपल्या पुढच्या पाकिटात टाकेल, पुढचा त्याच्या पुढच्या. जाहिरातीचा खर्च शून्य.

यादी जरा नीट वाचा. प्रत्येक टेपपुढे आवाजाचा दर्जा लिहिलाय: उत्तम, बरा, सोसवेल. कॅसेट नेमकी कितव्या हाताची आहे, हेही प्रामाणिकपणे सांगायचं असतं. मूळ टेपवरून भरलेली ती पहिली पिढी, तिच्यावरून भरलेली दुसरी. दर पिढीला खरखर वाढते आणि झांजांची धार बोथट होते. कुणाचा डेक जरासा वेगात चालत असेल तर अख्खं गाणंच वरच्या पट्टीकडे सरकतं. पाचव्या पिढीची टेप ऐकणारा खरं तर धुक्याआडून बँड ऐकत असतो, आणि तरी तो रात्रभर ऐकतो.

आता पाकिटावरच्या तिकिटांवर बोट फिरवा. चिकट-गुळगुळीत लागतंय ना? पाठवणाऱ्याने तिकिटांवर साबणाचा नाहीतर डिंकाचा पातळ थर दिलाय. टपाल खात्याचा शिक्का त्या थरावर उमटतो आणि ओल्या फडक्याने पुसला की तिकीट पुन्हा कोरं. पत्राच्या शेवटी ताकीद असतेच: माझी तिकिटं परत पाठव. टपाल खात्याच्या दृष्टीने ही सरळ लबाडी आहे. पण खाऊच्या पैशांत आठवड्याला दहा देशांत पाकिटं धाडायची म्हणजे दुसरं काय करणार? परदेशात पैसे पाठवायचे तर नोट कार्बन पेपरात गुंडाळायची, म्हणजे उजेडात धरली तरी दिसत नाही. आणि जो टेपा घेऊन बदल्यात काहीच पाठवत नाही, त्याचं नाव सायक्लोस्टाइल-झेरॉक्सवर निघणाऱ्या छोट्या मासिकांतून जाहीर होतं. बिनचेहऱ्याच्या या बाजारात इज्जत हीच पत.

पोरगं एका डेकमध्ये आलेली कॅसेट घालतं, दुसऱ्यात कोरी. झटपट भरण्याचं बटण आहे, पण ते दाबत नाही. वेगात भरलं की आवाजाची वाट लागते, हे त्याला माहीत आहे. नव्वद मिनिटांची टेप नव्वद मिनिटंच खाणार. म्हणजे एक कॅसेट भरायची तर ती आधी अख्खी ऐकायची. हेलहॅमर मे महिन्यातच मोडलाय, टॉमने सेल्टिक फ्रॉस्ट नावाचा नवा बँड काढलाय. टेपला त्याचं काही सोयरसुतक नाही. ती फिरतेच आहे.

असल्या फिरण्याला किती बळ असतं, हे या खोलीतल्या पोराला पक्कं ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी, जुलै १९८२ मध्ये, कॅलिफोर्नियातल्याच टस्टिन गावी चार नवख्या पोरांनी सात गाण्यांची टेप केली: 'नो लाइफ टिल लेदर'. बँडचं नाव मेटॅलिका. त्यांचा ड्रमर लार्स उलरिक स्वतःच टेपांच्या देवाणघेवाणीत बुडालेला होता, त्यामुळे कुणाच्या हाती टेप दिली की ती दहा हातांत जाते याचा त्याला पुरता अंदाज होता. मेटॅलिकाचं मुद्रण असं फिरत फिरत देशाच्या दुसऱ्या टोकाला, न्यू जर्सीतल्या बाजारात तबकड्यांचा गाळा चालवणाऱ्या जॉनी आणि मार्शा झझुला या जोडप्यापर्यंत पोहोचलं. १९८३ च्या वसंतात त्यांनी बँडला बोलावून घेतलं. रेकॉर्ड काढायला कंपनी तयार होईना, तेव्हा मेगाफोर्स या नावाने स्वतःचीच कंपनी थाटली. २५ जुलै १९८३ ला 'किल देम ऑल' बाजारात आला.

तरीही या टेबलावरच्या बहुतेक टेपांना झझुला भेटणार नाहीत. चिटोरे चाळून पाहा. फ्लोरिडातल्या आल्टामाँटे स्प्रिंग्जमध्ये चक शुल्डिनर नावाच्या पोराचा मँटास हा बँड आहे. तोच पुढे 'डेथ' नावाने गाजेल. इथून जवळच पझेस्ड नावाचा बँड आहे. त्यांनी याच वर्षी 'डेथ मेटल' नावाची डेमो काढली. त्यांच्यातले दोघे अजून शाळेत जातात, म्हणून पहिला अल्बम पुढच्या वर्षी ईस्टरच्या सुटीत मुद्रित होईल. बाकीच्या चिटोऱ्यांवरची नावं तुम्ही कधीच ऐकलेली नाहीत. एक डेमो, दोन कार्यक्रम, मग कुणाला नोकरी लागली, कुणी ड्रम विकले. त्यांच्या नावाचं जगात एवढंच उरलं: कुणीतरी भरून घेतलेली कॅसेट.

चला, आणखी एक मुक्काम. स्टॉकहोम, १९८९. टोमास स्कोग्सबेरीचा सनलाइट स्टुडिओ. निहिलिस्ट या बँडची पोरं आलीत, ड्रमवरचा निके अँडरसन अजून अठराचाही नाही. गिटारवाल्याच्या पायाशी बघा: बॉस कंपनीचं 'एचएम-२' नावाचं काळं पेडल. कंपनीने ते १९८३ मध्ये मोठ्या आशेने काढलं, पण वादकांनी नाकं मुरडली. म्हणून पोरांना स्वस्तात मिळालं. त्यावरचे नॉब गरजेपुरते फिरवायचे असतात. याच बँडमध्ये वाजवलेल्या लेफ कुझ्नरने ते सगळेच्या सगळे शेवटपर्यंत पिळले, आणि लाकूडकापणीच्या करवतीसारखा आवाज बाहेर आला. कानात बोटं घालावीशी वाटतील. घालू नका. या आवाजावर पुढे स्टॉकहोमच्या डेथ मेटल या काळ्या, जड संगीताची परंपरा उभी राहणार आहे. आज मुद्रित होणारी 'ड्राउन्ड' ही डेमो जेमतेम दोन गाण्यांची आहे. लवकरच निहिलिस्ट मोडेल, तीच पोरं एंटूम्ड नावाने १९९० मध्ये 'लेफ्ट हँड पाथ' काढतील. आणि उत्पादन बंद झालेल्या त्या पेडलसाठी इतकी झुंबड उडेल की २०२० मध्ये बॉसला ते नव्याने बनवावं लागेल.

आता आजच्या काळात या. अशाच एका टेपची पाचव्या-सहाव्या हाताची कॉपी तुमच्यासमोर आहे. घाईने प्ले दाबू नका. कॅसेटच्या तोंडाशी, फितीला डेकच्या आवाज वाचणाऱ्या हेडवर दाबून धरणारी छोटी उशी असते. ती गळून पडली असेल तर आधी बसवा. फीत सैल असेल तर पेन्सिल आहेच. आता हेडच्या बाजूचा बारीक स्क्रू शोधा. फीत जेमतेम चार मिलिमीटर रुंद, आणि तेवढ्यात दोन्ही बाजूंच्या मिळून चार वाटा. हेड केसभर जरी तिरकं असलं तरी वरचे सूर गिळले जातात. टेप ज्या डेकवर भरली त्याचं हेड जितकं तिरकं होतं, तितकंच तुम्हाला तुमचं तिरकं करायचंय. डावा-उजवा आवाज एकत्र करा आणि स्क्रू अगदी हळू फिरवा. मळकट, मळकट, मळकट, आणि अचानक झांजा उघडतात. पडद्यामागून कुणी बाहेर यावं तशी ड्रम वाजवणाऱ्याची काठी ऐकू येते. हा क्षण ज्याने अनुभवला, त्याला अशा टेपांचं वेड का लागतं हे समजावून सांगावं लागत नाही.

गाणी थांबल्यावरची जागाही ऐका. तिथे विजेची बारीक गुणगुण आहे. युरोपात वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते, अमेरिकेत ६०. युरोपातल्या मुद्रणात ही गुणगुण ५१ वर सापडली, तर टेप दोन टक्के वेगात चाललीय हे कळतं आणि गाणं मूळ पट्टीवर आणता येतं. कधीकधी ५० च्या गुणगुणीवर ६० ची दुसरी बसलेली असते. म्हणजे युरोपात वाजलेलं हे गाणं पुढे कधीतरी अमेरिकेतल्या कुणाच्या डेकमधून गेलंय. ज्या खरखरीला आपण बिघाड म्हणत होतो, तिच्यातच टेपचा प्रवास नोंदला गेलाय.

त्या प्रवासाची किंमत २००८ मध्ये कळते. त्या वर्षी १ जूनला हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात आग लागली आणि तिथे ठेवलेल्या असंख्य मूळ ध्वनिमुद्रणांची राख झाली. नेमकी किती, यावर अजून वाद आहे. पण पहारा, कुलूप, कंपनीची मालकी असूनही एका सकाळीत ती गेली, एवढं खरं. २०१९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने सविस्तर छापेपर्यंत लोकांना त्याची व्याप्तीही कळली नव्हती. आणि त्याच २००८ मध्ये, एकेकाळी टिंगल झालेल्या हेलहॅमरच्या डेमो 'डीमन एंट्रेल्स' या नावाने रीतसर प्रसिद्ध झाल्या. निहिलिस्टच्या डेमो त्याआधी, २००५ मध्येच, प्रसिद्ध झाल्या होत्या. मेटॅलिकाने २०१५ मध्ये 'नो लाइफ टिल लेदर' पुन्हा काढली, तीही कॅसेटवरच. या बँडांची मूळ मुद्रणं जपून राहिली असतील, पण ती पुन्हा मागणारं गिऱ्हाईक तयार केलं ते साबण फासलेल्या तिकिटांनी. वर्षानुवर्षं ज्या संगीताला दुकान नव्हतं, त्याला कॉपी करणाऱ्यांनी वारस मिळवून दिले. ज्या बँडांची मूळ टेपच हरवली, त्यांचं तर अख्खं अस्तित्वच या उसनवारीवर टिकलंय.

आता जरा आपल्याकडे बघा. मुंबईत धोबी तलावच्या रंगभवनात १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' हे रॉक संगीताचं संमेलन भरू लागलं. कॉलेजातल्या कितीतरी बँडांनी तिथे घाम गाळला. त्यांतल्या कुणी तालमीत, कुणी मित्राच्या घरी एखादी कॅसेट भरली असेलच. ती दादर-माहीमच्या किंवा पुण्याच्या एखाद्या माळ्यावर, लग्नाच्या कॅसेटींच्या खोक्यात असू शकते. वरचं लेबल पुसट झालं म्हणून ती रद्दीत काढू नका. आधी ऐका, स्क्रू फिरवा, भरून घ्या. मग दोन प्रती करा आणि एक दुसऱ्या गावातल्या माणसाला पाठवा. कपाटातली एकुलती एक प्रत सांभाळायची म्हणजे नुसती तिच्या मरणाची वाट बघायची. वाटलेल्या प्रतींचा नाश करायला मात्र एका वेळी बऱ्याच घरांना आग लागावी लागते.