हायपरव्हायझर : वरच्याच्याही वर

बोईसर-तारापूरच्या एमआयडीसीत पाळीवर जाणाऱ्या घिवली गावच्या माणसाला ‘सुपरवायझर’ समजावून सांगावा लागत नाही. संगणकातही तो होता. 1960च्या दशकात कार्यप्रणालीच्या गाभ्याला ‘सुपरवायझर’ म्हणत. त्याच्याही डोक्यावर देखरेख करणारा प्रोग्राम आला, तेव्हा लॅटिन ‘सुपर’च्या जागी ग्रीक ‘हायपर’ बसला आणि ‘हायपरव्हायझर’ झाला.

दोन्हींचा अर्थ ‘वर’. संस्कृत ‘उपरि’ हे त्यांचंच भावंड, आणि आपला रोजचा ‘वर’ त्या ‘उपरि’चाच वंशज!

लिनक्समध्ये आभासी यंत्रं चालवणाऱ्या हायपरव्हायझरचं काम केव्हीएम करतो. 2007 साली 2.6.20 या आवृत्तीत तो गाभ्यातच सामावला. आभासी यंत्रातली पाहुणी प्रणाली ठरावीक राखीव आज्ञा चालवू गेली, की प्रोसेसर तिला तिथेच थांबवतो आणि ताबा केव्हीएमकडे देतो.

सुपरवायझर म्हणजे पर्यवेक्षक. मग हायपरव्हायझरला ‘उपर्यवेक्षक’ शोभून दिसेल.