कॉलरवरच्या गाळणीची कुळकथा

हवेचं प्रदूषण मोजायचं यंत्र म्हटलं की आपल्याला चौकातला आकडे दाखवणारा फलक आठवतो, नाहीतर सरकारी इमारतीच्या गच्चीवरची पेटी. मी सांगतोय ते यंत्र माणसाच्या अंगावर असतं. कमरेच्या पट्ट्याला बॅटरीवर चालणारा छोटा पंप, तिथून पाठीवरून खांद्यावर आलेली नळी आणि नळीच्या टोकाला, कॉलरला चिमट्याने अडकवलेली एक चपटी डबी. डबीत पांढरी गोल गाळणी असते, म्हणजे फिल्टर. ही डबी नाकातोंडापासून फूटभराच्या आत हवी, कारण माणूस जी हवा आत घेतो तीच गाळणीतून जायला हवी.

पंप मिनिटाला साधारण दोन लिटर हवा ओढतो. 24 तासांत 2,880 लिटर होते, म्हणजे तीन घनमीटरला थोडी कमी. त्या हवेत घनमीटरमागे 60 मायक्रोग्रॅम पीएम 2.5, म्हणजे अतिसूक्ष्म कण आहेत असं धरू. आपल्याकडची 24 तासांची मर्यादा तेवढीच आहे. मग दिवसअखेर गाळणीचं वजन सुमारे 173 मायक्रोग्रॅमने वाढेल. मिठाचे तीन बारीक कण ठेवावेत, एवढंच ते वजन. म्हणून गाळणी तोलण्याची खोली वेगळी असते. तिथलं तापमान आणि दमटपणा ठरावीक ठेवतात, कोरी गाळणी आधी तोलून ठेवतात आणि तिला बोट न लावता चिमट्यानेच उचलतात. पुढे आजार, मृत्यू, धोरणं यांबद्दल जे काही बोललं जातं, ते या दोन वजनांमधल्या फरकावर उभं असतं.

या यंत्राचे पूर्वज खाणीतले. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींत दगडाच्या धुळीने मजुरांची फुप्फुसं निकामी होत होती. तिथले सरकारी खाण अभियंता रॉबर्ट कोत्झे यांनी 1916 मध्ये कोनिमीटर हे हातात धरायचं उपकरण बनवलं. हवेचा एक झोत चिकट काचेवर आदळवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली कण मोजायचे. 1920 च्या दशकात अमेरिकेत धूळ बाटलीतल्या पाण्यात पकडणारं इम्पिंजर आलं. दोन्हींची रीत सारखी होती. जाणकार माणूस यंत्र घेऊन खाणीत उतरायचा, मजुराशेजारी थोडा वेळ उभा राहायचा आणि नमुना घेऊन वर यायचा. मजूर मात्र पाळी संपेपर्यंत त्याच धुळीत.

मजुराच्या अंगावर यंत्र चढवण्याचं श्रेय इंग्लंडमधल्या हार्वेलच्या अणुसंशोधन केंद्रातल्या शेरवूड आणि ग्रीनहॉल्घ या दोघांना जातं. अंगावर वागवायच्या त्यांच्या यंत्राचं वर्णन 1960 मध्ये प्रसिद्ध झालं. किरणोत्सारी धुळीपासून कामगारांना जपण्यासाठी प्रयोगशाळेत ठिकठिकाणी हवा तपासणारी यंत्रं बसवलेली असत. पण धूळ उडते ती काम करणाऱ्याच्या हाताखाली. भिंतीजवळच्या यंत्रापर्यंत ती पोचेस्तोवर विरळ होते, कधी पोचतही नाही. कामगाराच्या छातीवरच्या गाळणीने भिंतीजवळच्या यंत्रापेक्षा कित्येक पटींनी मोठे आकडे दिले. अणुकेंद्रातच हे जमावं याला कारण आहे. किरणोत्सारी कण अगदी थोडे असले तरी ओळखता येतात, त्यामुळे अंगावर वागवता येईल इतका दुबळा पंपही पुरला. साधी धूळ तोलायला जास्त हवा ओढावी लागते, आणि त्यासाठी पंप, बॅटऱ्या आणि तराजू आणखी सुधारावे लागले.

कारखान्याबाहेरच्या माणसांवर हे यंत्र चढायला आणखी दोन दशकं लागली. मधल्या काळात शहरांतली पाहणी विभागवारच होत होती. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या डॉ. एस. आर. कामत यांनी 1970 च्या दशकात लालबाग, चेंबूर, खार आणि तुलनेसाठी एक ग्रामीण भाग असा मोठा अभ्यास हाती घेतला. लोकांची तपासणी व्यक्तिवार, हवेचा आकडा मात्र विभागाचा. त्या वेळी दुसरं साधनही हाती नव्हतं आणि तेवढ्यावरही त्या अभ्यासाने पुष्कळ काही सांगितलं. पण गिरणीत दिवसभर राबणारा मजूर आणि चाळीत चुलीपुढे बसणारी त्याची बायको, दोघांनाही एकच आकडा लागू होत होता.

हा आकडा किती फसवा असू शकतो, ते अमेरिकेत दिसून आलं. लान्स वॉलेस यांच्या नेतृत्वाखाली तिथल्या पर्यावरण संस्थेने 1980 च्या आसपास शेकडो सामान्य माणसांच्या अंगावर नमुना घेणाऱ्या नळ्या दिल्या. न्यू जर्सीतल्या बेयॉन आणि एलिझाबेथ या रासायनिक कारखान्यांच्या गावांतही लोक होते. दोष कारखान्यांच्या धुरांड्यांकडे जाईल असंच वाटत होतं. प्रत्यक्षात कित्येक विषारी वायूंचं प्रमाण घरातच जास्त निघालं. सिगारेट, ड्रायक्लीन करून आणलेले कपडे, गरम पाण्याची आंघोळ ही त्यांची उगमस्थानं होती. 1990 मध्ये कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडला धुळीचा असाच अभ्यास झाला. दिवसा अंगावरच्या यंत्राचा आकडा घरातल्या आणि घराबाहेरच्या, दोन्ही यंत्रांपेक्षा मोठा आला. माणूस हालचाल करतो, झाडतो, रांधतो आणि स्वतःभोवती धूळ उठवतो.

तरी माझ्या मते या यंत्राचं सगळ्यात मोठं काम भारतात झालं, आणि त्याची पूर्वपीठिका एका डॉक्टर बाईंनी रचली होती. 1950 च्या दशकात दिल्लीत हृदयरोगतज्ज्ञ डॉ. एस. पद्मावती यांच्याकडे अशा बायका येत, ज्यांच्या फुप्फुसांच्या दुखण्याने हृदयाची उजवी बाजू निकामी होत चालली होती. पाश्चात्त्य देशांत हा आजार मुख्यतः सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचा. यांतल्या बहुतेक बायकांनी कधी विडी ओढलेली नव्हती. पद्मावती आणि त्यांचे सहलेखक पाठक यांनी 1959 मध्ये 127 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. संशय चुलीच्या धुरावर होता. आजार समोर होता, पण धूर किती, हे मोजलेलं नव्हतं.

ते मोजलं कर्क स्मिथ, ए. एल. अगरवाल आणि आर. एम. दवे यांनी, गुजरातमधल्या चार खेड्यांत. स्मिथ तेव्हा हवाईतल्या ईस्ट-वेस्ट सेंटरमध्ये होते. प्रदूषणाचा हिशेब उगमापाशी न करता माणसाच्या श्वासापाशी करायचा, हा त्यांचा आग्रह. त्यांनी स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर पंप आणि गाळण्या दिल्या. हे दृश्य आपल्याला सहज दिसेल: लाकडं, गोवऱ्या, काटक्या, ओल्या सरपणाचा कोंडलेला धूर, फुंकताना चुलीच्या तोंडाशी गेलेला चेहरा, पाण्याने भरलेले डोळे. 1983 मध्ये निष्कर्ष छापून आले. स्वयंपाक चालू असताना या बायकांच्या श्वासातल्या हवेत घनमीटरमागे सरासरी सुमारे 7 मिलिग्रॅम धूळ होती, म्हणजे 7,000 मायक्रोग्रॅम. बेंझोपायरीन हे कर्करोगकारक रसायनही भरमसाट सापडलं. त्या आकड्यांआधी प्रदूषण ही शहरांची आणि कारखान्यांची बाब मानली जात होती. पुढे स्मिथ यांनीच मांडलं, की घरात सोडलेला धूर बाहेर सोडलेल्या धुरापेक्षा माणसाच्या फुप्फुसात पोचण्याची शक्यता ढोबळमानाने हजारपट असते. स्मिथ 2020 मध्ये गेले. पद्मावतीही त्याच वर्षी, 103 व्या वर्षी, कोरोनाने गेल्या.

धूर कमी केला की आजार तेवढ्याच प्रमाणात घटतो का? तामिळनाडू, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडातल्या सुमारे 3,200 गरोदर बायकांवर चाचणी झाली. निम्म्यांना गॅस आणि शेगडी दिली. अंगावर घालायच्या जाकिटातल्या यंत्रांनी पीएम 2.5 मोजलं. गॅसवाल्या बायकांच्या वाट्याला 24 च्या आसपास, चूलवाल्यांच्या वाट्याला सुमारे 70 मायक्रोग्रॅम. पण बाळांच्या जन्मवजनात ठळक फरक पडला नाही. 2022 मध्ये हा निष्कर्ष आला तेव्हा अनेकांचा विरस झाला. मला मात्र यात या मोजणीचा सच्चेपणा दिसतो. धूर खरोखर कमी झाला होता, हे मोजून माहीत असल्यामुळेच जन्मवजनाचं उत्तर इतकं स्पष्ट मिळालं. केवळ शेगड्या वाटल्याची नोंद असती, तर बायकांनी गॅस वापरलाच नाही, असं म्हणून विषय मिटवता आला असता.

आता गाळणीच्या जोडीला प्रकाशाच्या झोतात कण मोजणारे स्वस्त सेन्सर आले आहेत. ते मिनिटामिनिटाचा आकडा देतात, फोडणीचा वेळही त्यात दिसतो. दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात आणि सेन्सर जास्त आकडा दाखवतो, हे कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात वापरणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. गाळणीच्या वजनाशी ताडून पाहिल्याशिवाय त्यावर विसंबू नये.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या तज्ज्ञ समितीने 2015 मध्येच, लोक प्रत्यक्ष कोणती हवा घेतात त्यावरून धोरण आखावं, असं सुचवलं होतं. आपलं 60 मायक्रोग्रॅमचं मानक मात्र आजही बाहेरच्या हवेपुरतं आहे. महाराष्ट्राच्या प्रत्येक जिल्ह्यात दरवर्षी काही चुलीपुढच्या बायका, काही रिक्षाचालक, काही वाहतूक पोलीस आणि काही खडीक्रशरवरचे मजूर निवडावेत, त्यांच्या संमतीने कॉलरला गाळणी लावावी, आणि येणारे आकडे चौकातल्या फलकाशेजारी जाहीर करावेत. साधन आहे, तराजू आहेत, जाणकार माणसंही आहेत. आरोग्य खात्याने आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने हे काम हाती घ्यावं, आणि ते घेत नसतील तर आपण ग्रामसभेत, वॉर्डसभेत त्याची मागणी करावी.