मांजरांची नख्या घासण्याची सवय व गालिच्यांचे संरक्षण

पाळीव मांजर पुढच्या पंजांच्या नख्या गालिचा, पायपुसणे, सोफ्याची कड किंवा दाराची चौकट अशा खरबरीत पृष्ठभागांत रुतवून पंजे स्वतःकडे ओढते. या क्रियेला नख्या घासणे असे म्हणतात. ही मांजराची सहजप्रवृत्ती असून पिल्लू काही आठवड्यांचे झाले की कोणी न शिकवता ती सुरू होते आणि आयुष्यभर टिकते. त्यामुळे ही सवय मोडण्याचे प्रयत्न बहुधा वाया जातात; तिच्यासाठी दुसरी जागा देणे मात्र शक्य असते आणि गालिचा वाचवण्याचे सर्व उपयुक्त उपाय याच शक्यतेवर आधारलेले आहेत.

मांजराच्या पुढच्या प्रत्येक पंजाला ५ आणि मागच्या प्रत्येक पंजाला ४ अशा एकूण १८ नख्या असतात. एरवी त्या लवचिक अस्थिबंधांमुळे कातडीच्या घडीत ओढलेल्या राहतात व बोटांचे स्नायुबंध ताणले गेले की बाहेर येतात. केराटिन या कठीण प्रथिनाची बनलेली नखी थराथरांनी वाढते. तिचा बाहेरचा थर जुना व बोथट झाला की सैल होतो आणि घासताना निघून येतो. गालिच्याच्या धाग्यांत अडकलेली पांढुरकी, पोकळ, चंद्रकोरीच्या आकाराची साले म्हणजे हेच गळलेले थर होत, नखी तुटल्याचे ते लक्षण नव्हे. बोटांमधील ग्रंथींतून पाझरणारा स्राव याच वेळी पृष्ठभागाला लागतो. त्याचा गंध माणसाला जाणवत नसला तरी मांजराच्या दृष्टीने ती हद्दीची खूण असते, आणि म्हणूनच मांजर एकदा निवडलेल्या कोपऱ्याकडे पुनःपुन्हा वळते. झोपेतून उठल्यावर पुढचे पाय लांब टाकून, मागचा भाग उंचावून ते पाठ ताणते, तेव्हाही नख्या रुतवायला त्याला घट्ट आधार लागतो. दिवाणखान्यात अंथरलेला जड, न सरकणारा गालिचा तो आधार उत्तम देतो.

नुकसानीचे स्वरूप गालिच्याच्या विणीवर अवलंबून असते. ज्याच्या पृष्ठभागावर धाग्याचे न कापलेले फासे असतात त्या गालिच्याला सर्वाधिक धोका असतो, कारण वाकडी नखी फाशात अडकते आणि मांजराने पंजा झटकताच धागा ओळीने उसवत जातो. धाग्यांची टोके कापून केस उभे ठेवलेल्या गालिच्यातून नखी तुलनेने सहज सुटते. भदोही, मिर्झापूर किंवा काश्मीर येथील हाताने गाठी मारून विणलेल्या गालिच्यांत प्रत्येक गुच्छ ताण्याच्या धाग्यांना गाठीने बांधलेला असल्यामुळे त्यांची मधली वीण बरीच तग धरते. कडा व झालरी मात्र लवकर विरतात. वर आलेला फासा ओढून काढू नये. तो पृष्ठभागाच्या पातळीला कात्रीने कापणे किंवा जाड सुईने मागे ओढून घेणे सुरक्षित ठरते, आणि किमती गालिचा असल्यास तो रफूगाराकडेच द्यावा.

पर्यायी जागा देताना मांजराची आवड आधी पाहावी लागते. काही मांजरे उभ्या, तर काही आडव्या पृष्ठभागावर घासतात. गालिचा ओरबाडणारे मांजर बहुधा दुसऱ्या प्रकारचे असल्याने त्याच्यासमोर केवळ उभा खांब ठेवून काम भागत नाही, आणि नेमके येथेच अनेक घरांतील प्रयत्न फसतात. अशा मांजराला जमिनीलगत ठेवलेली, त्याच्या पूर्ण ताणलेल्या शरीराहून लांब आणि मुळीच न सरकणारी फळी द्यावी. बाजारात ‘स्क्रॅचिंग पोस्ट’ या नावाने मिळणारा उभा खांब घ्यायचा असल्यास तो सुमारे ९० सेंमी. उंच व जड बुडाचा असावा, कारण एकदा डळमळलेल्या खांबाकडे मांजर सहसा परत फिरकत नाही. मांजरपालकांच्या उत्तरांवर आधारलेल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका सर्वेक्षणातही दोर गुंडाळलेले उंच खांब मांजरे अधिक वापरतात असे आढळले. खांबाला किंवा फळीला घायपाताचा, म्हणजे पश्चिम महाराष्ट्रात केकताड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वनस्पतीच्या तंतूंचा, दोर वेढे एकमेकांना भिडवून घट्ट गुंडाळावा. कोकणात व गोव्यात सहज मिळणारी काथ्याची चटई फळीला पक्की बसवली तरी चालते. जुन्या गालिच्याचा तुकडा मात्र त्यासाठी वापरू नये, कारण त्यामुळे गालिच्याचाच स्पर्श मांजराच्या सवयीचा होतो.

ही फळी आधी खराब झालेल्या जागेवरच किंवा मांजराच्या झोपण्याच्या जागेजवळ ठेवावी, तिचा वापर रुळल्यावरच ती रोज थोडी थोडी सरकवत सोयीच्या ठिकाणी न्यावी आणि मांजराने ती वापरताच त्याला लगेच आवडीचा खाऊ द्यावा. फळीवर कॅटनिप या वनस्पतीची वाळलेली पाने चोळल्यास सुमारे दोनतृतीयांश प्रौढ मांजरे तिच्याकडे ओढली जातात. उरलेल्यांवर अनुवंशिक कारणांमुळे आणि लहान पिल्लांवर वयामुळे तिचा परिणाम होत नाही. दरम्यान गालिच्याच्या त्या भागावर दोन्ही बाजूंनी चिकट असलेली पट्टी किंवा जाड प्लास्टिक अंथरले तर पंजाला नकोसा वाटणारा स्पर्श होऊन मांजर तेथून दूर राहते.

ओरडणे, मारणे किंवा पाणी उडवणे यांनी मांजर माणसाला भिते, परंतु घासणे सोडत नाही. ते माणूस नसताना घासू लागते एवढेच. गालिच्यावर तिखट टाकणे तर क्रूरपणाचे आहे, कारण पंजे चाटताना ते जिभेला व डोळ्यांना लागते. कसर लागू नये म्हणून गालिच्याच्या वळकटीत ठेवल्या जाणाऱ्या डांबरगोळ्या, तसेच कापूर व निलगिरीचे तेल मांजराला विषारी असते. अशी अनेक द्रव्ये शरीराबाहेर टाकण्याची यकृतातील एक महत्त्वाची प्रक्रिया मांजरात दुर्बळ असते. म्हणून वासाने मांजराला पळवण्याचे घरगुती उपाय टाळावेत.

दर २ ते ३ आठवड्यांनी नख्यांची टोके कापल्यास घासणे थांबत नाही, पण धागे कमी उसवतात. नखीच्या मुळाकडील गुलाबी भागात रक्तवाहिनी व मज्जातंतू असल्याने फक्त पुढचे पारदर्शक टोक कापावे. घरात नवे मांजर येणे, घर बदलणे किंवा खिडकीबाहेर परकी मांजरे फिरणे यांमुळे घासणे एकाएकी वाढले असेल, तर गालिच्याऐवजी आधी त्या अस्वस्थतेच्या कारणाकडे लक्ष द्यावे.

नख्या काढून टाकण्याची शस्त्रक्रिया पूर्वी, विशेषतः उत्तर अमेरिकेत, सर्रास केली जात असे. नखी बोटाच्या शेवटच्या हाडातूनच उगवत असल्यामुळे या शस्त्रक्रियेत ते हाडच छाटले जाते, आणि त्यानंतर दीर्घकाळ वेदना, चालण्यात बदल व चावण्याची प्रवृत्ती उद्भवू शकते. पाळीव प्राण्यांच्या संरक्षणासाठी १९८७ साली झालेल्या युरोपीय करारात उपचाराव्यतिरिक्त अन्य कारणासाठी नख्या काढण्यास मनाई आहे. इस्राएलने २०११ मध्ये, तर अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये तिच्यावर कायद्याने बंदी घातली. भारतात प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० याच्या कलम ११ मध्ये प्राण्याचे अंगच्छेदन हे क्रूरतेच्या गुन्ह्यांत समाविष्ट आहे.